रात्रीचा केर

माझ्या एका उदाहरणामुळे आईची झोप उडाली. हे मी अजून भावाला सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, आजार वाढला. डॉक्टरीणबाईंनाही मी तसंच सांगितलं होतं, आणि सांगताना माझे कान तापले होते.

उदाहरणं देणं ही माझी जुनी खोड. बोरिवलीतल्या एका मराठी शाळेत मी तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं, सातवी ते दहावी. पेशी शिकवायची म्हटली की मी फळ्यावर चाळीतली खोली काढायचे. पेशीपटल म्हणजे भिंत, तंतुकणिका म्हणजे स्टोव्ह, आणि लयकारिका म्हणजे मोरीशेजारची केराची बादली, जिच्यात नको असलेलं सगळं जातं आणि कुजून संपतं. पोरांच्या डोक्यात चटकन बसायचं. पुढे त्या पोरांची पोरं वर्गात आली. त्यांनी स्टोव्ह पाहिलेला नव्हता, मग मी स्टोव्ह पुसून गॅसची शेगडी काढली आणि शिकवत राहिले. समोरच्याला कळलं नाही असं नुसतं वाटलं तरी मला चैन पडत नाही. त्याला कळून घ्यायचं आहे की नाही, हे मी कधी विचारत बसले नाही. माझा नवरा होता तेव्हा म्हणायचा, ही डासाला पकडून मलेरिया समजावून सांगेल.

आई माझ्याकडे आली त्याला आता चार वर्षं झाली. त्याआधी ती घाटकोपरला भावाकडे होती आणि त्याच्याही आधी, म्हणजे जवळजवळ उभा जन्म, परळच्या एका चाळीत. आम्ही मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि आई खानावळ चालवायची. गावाकडून एकटे आलेले वीस-बावीस गिरणीकामगार दोन्ही वेळा तिच्या हातचं जेवायचे. कोण सोमवार करतो, कोणाला तिखट सोसत नाही, कोणाची रातपाळी आहे म्हणून ताट झाकून ठेवायचं, हे सगळं तिच्या तोंडावर असायचं. कधी कागदाचा तुकडा लागला नाही. तीच बाई एक दिवस भावाकडे जेवून उठली, हात धुतले आणि पुन्हा पानावर येऊन बसली. भूक राहिली असेल म्हणून वहिनीने वाढलं. ती तिसऱ्यांदा येऊन बसली तेव्हा भावाने मला फोन केला.

विसरण्याच्या ह्या आजाराने तिची मुंबईची भाषा आधी नेली. शेजारणींशी, भाजीवाल्याशी ती जी भाषा पन्नास-साठ वर्षं बोलली, ती हळूहळू गळून पडली आणि खालची मालवणी तेवढी राहिली. मला ती समजते, पण बोलता येत नाही. वडिलांनी आम्हा भावंडांना घरात शुद्ध बोलायला लावलं होतं, शाळेत कोणी हसू नये म्हणून. आता आई मालवणीत विचारते आणि मी पुस्तकी मराठीत उत्तर देते, आणि मधल्यामध्ये काय सांडतं ते देवाला माहीत.

अंधेरीच्या डॉक्टरीणबाई वयाने माझी विद्यार्थिनी शोभतील अशा आहेत. दर तीन महिन्यांनी आम्ही मेट्रोने त्यांच्याकडे जातो. मी प्रश्न लिहून नेते. त्या घड्याळाकडे न बघता उत्तरं देतात. मागच्या खेपेला त्यांनी मला मेंदूतली सफाई समजावली. मेंदूच्या पेशींचं काम चालू असताना एक प्रथिन तयार होऊन पेशींच्या बाहेर पडत असतं. ते सगळ्यांच्याच मेंदूत होतं, तुमच्या-माझ्याही. एरवी ते वेळच्या वेळी उचललं जातं. त्यासाठी मेंदूत वेगळ्या पेशी असतात, बारीक, फांद्या फुटलेल्या, सतत आजूबाजूला चाचपत राहणाऱ्या. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. नको ते लागलं की गिळायचं आणि पोटात विरघळवायचं, हे त्यांच्या कामांपैकी एक. शिवाय गाढ झोपेत मेंदूतल्या फटींमधून द्रव जास्त खेळतो आणि उरलंसुरलं वाहून नेतो, असं दिसतं. आईच्या मेंदूत हे प्रथिन उचललं कमी जातं आणि साठतं जास्त. त्याच्या गुठळ्या झाल्या आहेत, आणि पेशींच्या आत दुसऱ्या एका प्रथिनाचा गुंता झाला आहे. गुठळ्या काढणारी नवी औषधं आली आहेत, पण ती अगदी सुरुवातीच्या पेशंटसाठी. आईची ती वेळ गेली.

मग आमच्या हातात काय आहे, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, झोप सांभाळा, रात्रीची झोप मोडू देऊ नका.

परतताना मेट्रोत मी हेच घोकत होते. ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवता येतात, हाड मोडलं तर उशी देऊन पाय वर ठेवता येतो. ह्या आजारात घरच्यांच्या हाताला कामच नसतं, नुसतं बघायचं. आता मला कोणीतरी काम दिलं होतं. मी खूश होते, हे कबूल करते. आई खिडकीला नाक लावून खालच्या हायवेवरच्या गाड्या बघत होती.

घरी आल्यावर मी देवापाशी दिवा लावला आणि आईने विचारलं, "डाक्टरान काय सांगल्यान गो?"

कितीतरी दिवसांनी तिने आपण होऊन काही विचारलं होतं. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि शिकवायला लागले. म्हटलं, आपल्या डोक्यातसुद्धा दिवसभर केर पडतो. बोललं, ऐकलं, विचार केला, की थोडा थोडा पडतो. तो काढायला डोक्यात झाडूवाल्या असतात. आपण झोपलो की त्या येतात आणि सगळं झाडून नेतात. तुझ्या डोक्यात केर जास्त झालाय आणि झाडूवाल्या थकल्यात, म्हणून तू रात्रीची नीट झोप, म्हणजे त्यांना काम करता येईल.

आई टक लावून ऐकत होती. इतकं लक्ष देऊन तिने गेल्या वर्षभरात काही ऐकलं नव्हतं. मला दहावीच्या वर्गातल्या पहिल्या बाकाची आठवण झाली.

"राती काढतत?" तिने विचारलं.

हो, म्हटलं, रात्रीच.

"आणि टाकतत खय?"

काय छान प्रश्न, असं मला वाटलं. म्हटलं, बाहेर. डोक्याच्या बाहेर टाकून देतात.

मी उठून कुकर लावला.

त्या रात्री ती झोपली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. मी कारणं शोधायला लागले. चहा पाचनंतर बंद केला. शेजारच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, दिवसभर जमीन हादरते, त्याने तिचं अंग ठणकत असेल म्हणून खिडक्या लावून घेतल्या. पाय चेपले, डोक्याला तेल लावलं, दूध दिलं. ती सगळं करून घ्यायची, आडवी व्हायची, आणि मी वळले की उठून बसायची. पहाटे मला जाग यायची तेव्हा ती पलंगाच्या कडेला ताठ बसलेली असायची, डोळे उघडे, तोंड दाराकडे. दिवसा मान कलायची. डोळा लागतोय न लागतोय तोच दचकायची आणि दोन्ही हात कानांच्या वर, डोक्याला लावून बघायची. मला वाटलं डोकं दुखतं. मी पॅरासिटामॉल दिली.

चौथ्या दिवशी सकाळी घरकामाच्या बाईने विचारलं, झाडू कुठेत? फुलझाडू नाही, बाथरूमचा खराटा नाही, लक्ष्मीपूजनाला आणलेली केरसुणीसुद्धा जागेवर नाही. शोधता शोधता सगळी मंडळी आईच्या पलंगाखाली सापडली, तिच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून गाठ मारलेली. बाई हसली. मीही हसले. त्याच दिवशी कचरा नेणारा दारात आला तर आई पिशवी सोडेना. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, दोन्ही छातीशी धरून उभी. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. एवढं होऊनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तीस वर्षं मुलांना म्हणत आले की निरीक्षण करा, निष्कर्ष काढा.

आठवडा गेला आणि तिचं बिनसायला लागलं. ताटातल्या चमच्याचं काय करायचं ते तिला कळेना. स्वतःच्या हाताने साडी नेसायची ती मधेच थांबून पदर कुठला हे शोधत बसायची. मी फोनवर मिळेल ते वाचत सुटले. झोप आणि मेंदूच्या सफाईबद्दल जे बरंचसं माहीत आहे ते उंदरांमध्ये बघितलेलं आहे, आणि माणसात ते नेमकं कसं आणि किती चालतं यावर संशोधकांचे अजून वाद आहेत, हे मी वाचलं. शिक्षिका म्हणून मला ते समजलं. पण आईच्या शेजारी बसून जागणाऱ्या मुलीला वादांचा काय उपयोग? माझा हिशेब एकच होता. आज झोपली नाही, म्हणजे आज काही निघालं नाही. काल निघालं नाही. परवाचं तसंच पडून आहे. त्या गुठळ्या मला भिंतीवरसुद्धा दिसायला लागल्या होत्या.

भाऊ म्हणाला, झोपेची गोळी दे ना, कशाला छळतेस तिला आणि स्वतःला. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि आजार वाढलाय, झोपच लागत नाही, असं सांगितलं. गोळीची त्यांना घाई नव्हती. अशा पेशंटना गोळीने तोल जातो, पडतात, गोंधळ आणखी वाढतो, म्हणाल्या. आधी कारण शोधा. काही घाबरण्यासारखं झालंय का घरात? मी म्हटलं, छे, काही नाही.

कारण आईनेच सांगितलं. दुपारची वेळ होती. बाजूचं ड्रिलिंग जेवणाच्या सुट्टीपुरतं थांबलं होतं. आईचे डोळे लाल झाले होते, पापण्या मिटत होत्या आणि ती त्या बोटांनी वर धरत होती. ते बघून मला रडू फुटलं. मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून म्हटलं, आई, झोप गं, माझ्यासाठी तरी झोप.

तिने माझ्या केसांतून हात फिरवला. मग अगदी हळू, कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाली, "मी निजलंय काय ते येतले. तुझ्या बापाशीचा तोंड नेल्यानी. माझ्या आवशीचा नेल्यानी. आता तू रवलंस."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग सगळं एकदम कळलं.

दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, हे आमच्या घरात देवाच्या खालोखाल पाळलं जायचं. लक्ष्मी जाते म्हणतात. आईचं कारण अधिक रोकडं होतं. मी सात-आठ वर्षांची असताना आमच्या शेजारच्या खोलीतल्या बाईने पाहुणे गेल्यावर रात्री केर काढला आणि तसाच खाली कचरापेटीत टाकला. सकाळी तिच्या गळ्यात मंगळसूत्राची एकच वाटी होती. तोवर गाडी कचरा घेऊन गेली होती. ती बाई गॅलरीत बसून जे रडली ते मला अजून ऐकू येतं. तेव्हापासून आईचा नियम झाला. रात्री केर काढायची वेळ आलीच, कारण जेवणावळी उशिरापर्यंत चालायच्या, तर तो बाहेर टाकायचा नाही. दाराआड सारून वर सूप पालथं घालायचं. सकाळी उजेडात गॅलरीत बसून ती तो बोटाने चाळायची, आणि मगच टाकायची. त्यात पोत तुटून पडलेला मणी मिळायचा, कानातल्याची फिरकी मिळायची, कोणा जेवणाऱ्याच्या शर्टाचं बटण मिळायचं. ते ती ज्याचं त्याला नेऊन द्यायची.

आणि अशा बाईला मी, तिची शिकलेली मुलगी, दिवा लावल्यावर सांगितलं होतं की तुझ्या डोक्यात रोज रात्री परक्या बायका येऊन झाडतात, आणि न बघता सगळं बाहेर फेकून देतात. त्यातून तिच्या डोक्यातून वस्तू नाहीशा होतच होत्या. नवऱ्याचा चेहरा हरवला होता, आईचा हरवला होता, घर सापडत नव्हतं. का हरवतात हे तिला कोणी धड सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तिने दोन आणि दोन चार केले, आणि जे उरलं होतं ते वाचवायला ती रात्रभर पहारा देत बसली. उरले होते ती मी. माझी समजूत होती की तिला आता तर्क करता येत नाही.

मी आधी सरळ माघार घेतली. म्हटलं, आई, मी चुकीचं सांगितलं, कोणी येत नाही, कोणी झाडत नाही. तिने माझ्याकडे बघितलं, खोटं बोलणाऱ्या पोराकडे मी वर्गात बघायचे तसंच. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तूच म्हणालीस ना, असं तिचं म्हणणं. दिवसभरात मी ते चार वेळा सांगून पाहिलं आणि चारही वेळा ती नुसती दाराकडे बघत राहिली.

संध्याकाळी चहा घेताना मी शेवटी म्हटलं, अगं, त्या बाहेर नाही टाकत. मी अर्धंच सांगितलं होतं. आपल्यासारखंच करतात. दाराआड सारून ठेवतात, वर सूप घालतात. सकाळी तू बघायचं आणि मगच तो टाकायचा.

तिने कप खाली ठेवला. "माका दाखवतले?"

मी आणून दाखवीन, म्हटलं. रोज सकाळी.

"बघल्याशिवाय टाकूचा नाय," ती म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. त्या रात्री ती जेवून आडवी झाली ती सकाळी सात वाजता उठली.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, चहा उकळेपर्यंत. मग लक्षात आलं की मी तिला कशाचं वचन दिलंय. त्या आजारात नेमकं हेच होतं. मायक्रोग्लिया गुठळीभोवती गोळा होतात, तिला कडं करून धरतात, आणि पुढे त्यांच्याने ती ना गिळवत ना टाकवत. केर कोपऱ्यात सारलेला तसाच राहतो. राखण करून करून त्या पेशी बिथरतात, सुजतात आणि शेजारच्या चांगल्या पेशींचे धागे कुरतडायला लागतात. मी आईला तिचा आजारच औषध म्हणून सांगितला होता आणि तिला तो पटला होता. परीक्षेत कोणी असं लिहिलं असतं तर मी लाल पेनाने आडवी रेघ मारली असती.

पण ती झोपत होती. मी घरकामाच्या बाईला सांगितलं की सकाळी काढलेला केर टाकू नकोस. सुपलीत भरून मी तो आईपुढे नेऊ लागले. बाल्कनीच्या दाराशी वर्तमानपत्र पसरून ती बसायची आणि तर्जनीने केर पांगवायची. केसांचे गुंते, तांदळाचा दाणा, बाजूच्या बांधकामाची पांढरी धूळ, पेनाचं टोपण. पहिल्या दिवशी तिला काहीच मिळालं नाही आणि ती हिरमुसली, म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून सुपलीत आधीच काहीतरी टाकायला लागले, एखादा मणी, एखादी पिन. ते सापडलं की ती उजेडात धरून बघायची आणि बाजूला ठेवायची. कोणाचं ते काही सांगायची नाही. एकदा मी वडिलांच्या जुन्या मनगटी घड्याळाच्या पट्ट्याची कडी टाकली. ती तिने पेनाच्या टोपणाबरोबर परत केरात सारली. मी ती गुपचूप उचलून पर्समध्ये ठेवली.

डॉक्टरीणबाईंना झोपेचं ऐकून बरं वाटलं. काय केलंत, म्हणाल्या. झोपायची वेळ ठरवली, टीव्ही बंद केला, असं मी सांगितलं. हे दुसरं खोटं. भाऊ म्हणाला, बघ, उगीच घाबरत होतीस.

आता झोपत नव्हते ती मी. आई शेजारच्या पलंगावर बारीक घोरायची आणि मी तो आवाज ऐकत पडायचे. तिला दिलेलं उदाहरण माझ्याच डोक्यात घुसून बसलं होतं. डोळे मिटले की वाटायचं, आता, ह्या घटकेला, तिथे आत काहीतरी सरकवलं जातंय. उद्या काय नसेल? ती झोपली नाही तर केर साठणार, आणि झोपली तर काय जाणार, ह्या दोन भीतींच्या मध्ये मी पडून असायचे. शास्त्र शिकलेल्या बाईने असं घाबरू नये. पण मी घाबरत होते. सकाळी ती उठली की मी आधी तिच्या डोळ्यांत बघायचे. तिने "काय गो" म्हटलं की माझा श्वास सुटायचा आणि दिवस सुरू व्हायचा.

असे तीन-साडेतीन आठवडे गेले. परवाच्या मंगळवारी मी नेहमीसारखी सुपली घेऊन गेले. आईने केर पांगवला, आतली टाचणी काढून कागदाच्या कडेला ठेवली, हात झटकले आणि वर बघितलं. माझा चेहरा ती बराच वेळ निरखत होती. मग म्हणाली, "तुमची झोप पुरी जाऊक नाय दिसता."

मी मागे वळून बघितलं. मला वाटलं कामाची बाई मागे उभी असेल. मागे कोणी नव्हतं.

आईने मला जन्मात कधी अहो-जाहो केलं नाही. ह्या दिवसासाठी मी तयारी केली होती. वाचलं होतं की असं झालं तर दुरुस्त करायला जाऊ नये, ओळखलंस का असं विचारू नये, आवाज साधा ठेवावा. सगळं तोंडपाठ होतं. आणि तरी मी विचारलंच, "आई, मी कोण?"

ती ओशाळून हसली. नव्याने जेवायला आलेल्या माणसाचं नाव चटकन आठवलं नाही की ती तशीच हसायची. गुडघ्यांवर हात टेकून ती उठली, तिच्या पलंगावरची चादर तळव्याने सारखी केली, उशी थोपटली आणि मला बोलावलं.

"हंय पडा वायच. मी आसंय जागी. केर मी बघतंय. तुमचा काय एक जाऊक देऊचंय नाय."

मला खूप काही सांगायचं होतं. कोण कोणाची राखण करतंय, काय आधीच गेलंय, हे सगळं मला समजावून सांगता आलं असतं. मी हो म्हटलं आणि तिच्या जागेवर आडवी झाले. उशीला तिच्या खोबरेल तेलाचा वास होता. तिने माझ्या पायांवर चादर ओढली, सुपली मांडीवर घेतली आणि दाराकडे तोंड करून बसली. मला झोप लागली.